बेतणें आणि घडविणें

वाशीची खाडी ओलांडून पूर्वेस येणाऱ्या मनुष्यास जें शहर दिसतें तें आपोआप वाढलेलें शहर नव्हे. १९६५ सालीं चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल ह्या तिघांनीं 'मार्ग' ह्या नियतकालिकांत त्याची कल्पना मांडली. १९७० च्या मार्चांत सिडको ही संस्था त्यासाठीं स्थापन झाली. आणि ठाणें व रायगड जिल्ह्यांतील ९५ गांवांच्या सुमारें ३४४ चौरस किलोमीटर भूमीवर रस्ते, लोहमार्ग, बाजार, शाळा व तळीं हीं सर्व आधीं कागदावर आंखून मग जमिनीवर उतरविण्यांत आलीं. ती आंखणी चांगली कीं वाईट, आणि ज्या आगरी-कोळी कुटुंबांच्या भातखाचरांवर व मिठागरांवर ती उतरली त्यांस न्याय मिळाला कीं नाहीं, हा वाद जुना आहे; १९८४ च्या जानेवारींत जासई व नवघर येथें त्या वादांत माणसें गोळीबाराला बळी पडलीं. त्यांत शिरण्याचें आज प्रयोजन नाहीं. आज आम्हांस विचारावयाचें तें इतकेंच कीं, अशा आंखून बांधलेल्या शहरांत वाढणाऱ्या मुलास, आंखणें म्हणजे काय, हें शाळेंत कोणी शिकवितें काय? भूगोलाच्या पुस्तकांत शहराचें नांव येतें, परीक्षेंत त्याची लोकसंख्या विचारतात, आणि विषय तेथेंच संपतो.

'डिझाईन' ह्या शब्दास मराठी प्रतिशब्द कोणता, ह्याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. कोणी 'अभिकल्प' म्हणतात, कोणी 'संकल्पन' म्हणतात. आमच्या मतें ह्यासाठीं कोश उघडण्याची गरज नाहीं. शिंप्याच्या दुकानांत जावें. कापड हातीं येतांच शिंपी त्यास कात्री लावीत नाहीं. तो अंगाचें माप घेतो, कापडाचा पन्हा पाहतो, धुतल्यावर तें किती आटेल ह्याचा अंदाज करितो, खडूनें रेषा मारतो, आणि मग कापतो. ह्यास तो 'बेतणें' म्हणतो. गरज ओळखणें, हातच्या सामग्रीची मर्यादा ओळखणें, अनेक वाटांतून एक निवडणें, आणि चुकलें तर काय होईल ह्याचा चुकण्यापूर्वीं विचार करणें, इतक्या क्रिया ह्या एका शब्दांत आहेत. बेतल्यावर घडविणें येतें. घडवितांना बेत कोठें फसला तें कळतें. आणि शेवटीं घडलेली वस्तु कामास उतरते कीं नाहीं ह्याची पारख करावी लागते. बेत, घडण व पारख ह्या तिहींचा मिळून जो एक विषय होतो त्यास इंग्लंडांत 'डिझाईन आणि तंत्रज्ञान' असें नांव असून, १९९० पासून त्या देशानें तो पांच वर्षांपासून सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांस आवश्यक केला होता. पुढें त्या देशानें काय केलें तें खालीं सांगूं.

नवी मुंबईच्या शिक्षकास ह्या विषयाचा धडा शोधावयास दूर जावें लागत नाहीं. ह्या शहराचा बराच भाग खाडीच्या कांठीं भराव घालून तयार केलेला असून मोठ्या भरतीच्या पातळीहून तो सखल आहे. पावसाची जोराची सर व समुद्राची मोठी भरती एकाच घटकेस आली तर गटारांचें पाणी खाडींत जाण्याऐवजीं खाडीचेंच पाणी शहरांत शिरावें, अशी ही जागा. हें ओळखून आंखणी करणाऱ्यांनीं ठिकठिकाणीं धारण-तलाव खणले आणि त्यांच्या खाडीकडील तोंडांस झडपा बसविल्या. भरती चढली कीं बाहेरच्या पाण्याच्या दाबानें झडप मिटते व शहराचें पाणी तलावांत सांठून राहतें. ओहोटी लागली कीं आंतल्या पाण्याच्या दाबानें तीच झडप उघडते व सांठलेलें पाणी खाडींत निघून जातें. ह्या झडपेस वीज लागत नाहीं कीं पहारेकरी लागत नाहीं.

आतां सहावीच्या वर्गांत एक पाणी न गळणारी पेटी घ्यावी, तिच्या मधोमध एक फळी उभी करावी, फळीस भोंक पाडावें, आणि मुलांस रबराचे तुकडे, पत्रा व एक बिजागरी देऊन सांगावें कीं, डावीकडचें पाणी उजवीकडे जाईल पण उजवीकडचें डावीकडे येणार नाहीं अशी झडप करा. पहिली झडप गळेल. दुसरी अडकून बसेल. तिसरीच्या वेळीं बिजागरी वर लावावी कीं बाजूस ह्यावरून मुलें भांडूं लागतील, आणि त्या भांडणांत पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो ही गोष्ट त्यांस जितकी पक्की समजेल तितकी ती फळ्यावर लिहून दहा वेळां उतरवून घेतल्यानें समजणार नाहीं. पुढें एखादी चलाख मुलगी विचारील कीं, खऱ्या तलावांत तर गाळ सांचून खोली कमी झाली, त्यांत कांदळवनहि वाढलें, आणि कांदळवन तोडावयास न्यायालयाची परवानगी लागते. मग गाळ काढावा कसा? हा प्रश्न आज महानगरपालिकेच्या अभियंत्यांसहि सतावीत आहे. बारा वर्षांच्या मुलीस त्याचें उत्तर सांपडणार नाहीं. परंतु पावसाळ्यांत घराच्या तळमजल्यांत गुडघाभर पाणी भरलें असतां त्याचें कारण काय, आणि जाब कोणास विचारावा, हें तिला कळूं लागेल.

हीं संपादकांचीं मनोराज्यें आहेत, असें कोणी म्हणूं नये. वाशीच्या पुलाच्या पलीकडे, मानखुर्द येथें, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंगभूत असें हें केंद्र १९७४ सालीं निघालें. तेथील चित्रा नटराजन, सुग्रा चुनावाला व त्यांचे सहकारी ह्यांनीं ह्या शतकाच्या पहिल्या दशकांत नेमक्या ह्याच विषयाचे पाठ रचले, आणि नुसते रचून न थांबतां शहरांतील मराठी माध्यमाच्या, शहरांतील इंग्रजी माध्यमाच्या व ग्रामीण भागांतील मराठी माध्यमाच्या अशा तिन्ही प्रकारच्या मुलांबरोबर ते प्रत्यक्ष करून पाहिले. पाठ तीन होते: पिशवी, वजन उचलणारी पवनचक्की, आणि कळसूत्री खेळांतल्यासारखी बाहुली. निवड पाहण्यासारखी आहे. तिहींपैकीं एकासहि महाग सामग्री लागत नाहीं, आणि तिन्हींच्या मुळाशीं मुलाच्या ओळखीची अशी कांहींतरी गोष्ट आहे.

ह्या पाठांत मुलांचे गट करीत; कांहीं गट मुलींचे, कांहीं मुलांचे, कांहीं मिश्र. प्रथम गटानें आपसांत बोलून काय करावयाचें तें ठरवावें. मग त्याचें चित्र काढावें. मग मापें घालून नीट आराखडा काढावा. कोणती सामग्री किती लागेल त्याची यादी करावी. कोणतें काम आधीं व कोणतें नंतर, आणि तें कोणी करावयाचें, ह्याचा क्रम कागदावर मांडावा. तो सर्व बेत वर्गासमोर उभें राहून सांगावा व दुसऱ्या गटांचे आक्षेप ऐकावे. आणि त्यानंतरच कात्रीस हात लावावा. वस्तु झाल्यावर आपली व दुसऱ्यांची अशी दोहोंची पारख करावी. पवनचक्कीनें नुसतें फिरून भागणार नव्हतें. तिनें वजन उचलावें अशी अट होती. ह्या अटींतच सगळें मर्म आहे. वाऱ्यावर फिरणारें कागदी भिरभिरें कोणतेंहि मूल करतें. तेंच भिरभिरें दोऱ्यास बांधलेलें ओझें वर ओढूं लागावें म्हटलें म्हणजे पात्यांचा कोन, आसाचें घर्षण, बुडाचा जडपणा, ह्या सर्वांचा हिशेब करावा लागतो, आणि तो हिशेब करावयास त्यास कोणी छडी दाखवावी लागत नाहीं.

ह्या प्रयोगांस आतां दीड-दोन दशकें होऊन गेलीं. त्यांवर प्रबंध झाले, परदेशच्या मान्यवर नियतकालिकांत लेख प्रसिद्ध झाले. केंद्र व नवी मुंबई ह्यांच्यामध्यें एका खाडीचें अंतर आहे. लोकल गाडीनें मानखुर्दहून वाशी हें पुढचेंच स्थानक. तरीहि ह्या पाठांची वाट शाळांच्या वेळापत्रकापर्यंत पोहोंचली नाहीं. अशानें संशोधन जगाच्या उपयोगीं पडतें आणि शेजारच्या मुलाच्या पडत नाहीं.

ती कां पोहोंचली नाहीं, ह्याचा विचार करूं लागलें म्हणजे 'कार्यानुभव' ह्या विषयाची कथा आठवते. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्यास भरलेल्या परिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योग हा शिक्षणाचा मध्य असावा असें मांडलें, आणि झाकिर हुसेन समितीनें त्याचा अभ्यासक्रम केला. मूळ कल्पना मोठी होती; परंतु सरकारी मूलोद्योग शाळांत ती उतरतां उतरतां पुष्कळ ठिकाणीं टकळीवर सूत काढण्याच्या कवाइतीइतकी आंखूड झाली. हातांस काम मिळालें, परंतु बेत मुलाचा राहिला नाहीं. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानें 'कार्यानुभव' हा शब्द आणला. १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीनें 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असें नांव सुचविलें. नांवें वाढत गेलीं व तास घटत गेले. आज हा विषय काय झाला आहे तें पालकांस ठाऊक आहेच: दिवाळीच्या अगोदर कागदाचीं फुलें, वर्षाच्या शेवटीं एक सुबक वही, आणि त्या वहींतील पुष्कळसें काम आईचें किंवा कोपऱ्यावरच्या वह्यापुस्तकांच्या दुकानदाराचें. श्रेणी मात्र मुलास मिळते. गणिताच्या शिक्षकास परीक्षेपूर्वीं तास कमी पडला कीं तो ज्या विषयाच्या वेळापत्रकांतून उचलून घेतात तो हाच.

ह्याचें कारण तासांच्या कमतरतेंत नाहीं, आमच्या समाजाच्या जुन्या दुखण्यांत आहे. ज्यानें लांकूड तासलें, चामडें कमावलें, मडकें घडविलें, लोखंड तापविलें, त्यास आम्ही शतकानुशतकें अक्षरापासून दूर ठेवलें. आणि ज्याच्या हातीं अक्षर आलें त्यानें हत्यारास हात लावण्यांत कमीपणा मानला. हात एकीकडे व डोकें दुसरीकडे अशी ही फाळणी बलुतेदारीनें केली, आणि इंग्रजी शाळांनीं कारकुनी शिक्षण देऊन तिच्यावर शिक्कामोर्तब केलें. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें निवेदन करितांना जोतीराव फुले ह्यांनीं प्राथमिक शाळांत मोडी, बाळबोध व हिशेबाबरोबर शेतीचें प्राथमिक ज्ञानहि असावें अशी मागणी केली होती. त्यांस दिसत होतें कीं, शेतकऱ्याच्या मुलास त्याच्या घरच्या जगापासून तोडणारी शाळा त्यास धड इकडचा ठेवीत नाहीं कीं तिकडचा. ती मागणी करून जवळजवळ दीड शतक लोटलें. आज नवी मुंबईच्या पालिका शाळांत जीं मुलें बसतात त्यांच्या घरीं कोणी गवंडी आहे, कोणी नाक्यावरचा रंगारी, कोणी शिवणकाम करणारी आई, कोणी सारसोळ्याचा किंवा दिवाळ्याचा कोळी, ज्याला जाळ्याचें भोंक किती ठेवावें हें कोणता मासा धरावयाचा त्यावरून ठरवावें लागतें. हें सारें ज्ञानच आहे. शाळा तें विचारीत नाहीं. त्यामुळें मूल समजतें कीं आपल्या बापास कांहीं येत नाहीं.

येथें एक आक्षेप आमच्या कानीं येतो, आणि तो हलका नाहीं. लोक म्हणतात: गरिबांच्या मुलांस हातकाम, आणि श्रीमंतांच्या मुलांस विज्ञान व परदेश, असाच हा डाव नव्हे काय? ही शंका बाळगणाऱ्यांच्या पाठीशीं इतिहास आहे. १९५३ सालीं मद्रास प्रांतांत राजगोपालाचारी ह्यांच्या सरकारनें प्राथमिक शाळेचा वेळ कमी करून उरल्या वेळांत मुलांनीं आपल्या आईबापांचा धंदा शिकावा अशी योजना काढली. लोकांनीं तिला 'कुलकल्वी', म्हणजे कुळाचें शिक्षण, असें नांव ठेवलें, आणि विरोध इतका झाला कीं १९५४ सालीं कामराज ह्यांनीं अधिकारावर येऊन ती रद्द केली. रद्द केली तें योग्यच केलें. म्हणून आमचें म्हणणें स्पष्ट आहे: हा विषय चांभाराच्या मुलास चांभार करण्यासाठीं नव्हे. तो महापालिकेच्या शाळेंत असेल तर पामबीच रस्त्यावरच्या भारी शुल्काच्या शाळेंतहि असला पाहिजे. मुलींस शिवण व मुलांस सुतारकाम ही वांटणी त्यांत नसावी. आणि जातीवरून, बापाच्या धंद्यावरून किंवा गुणपत्रिकेवरून त्यांत निवड होऊं नये. वकिलाच्या मुलाच्या हातीं करवत आली नाहीं, तर कोळ्याच्या मुलाच्या हातीं ती येणें म्हणजे पुन्हा जुनीच वांटणी होय.

ग्रामीण भागांत ह्या दिशेनें झालेलें काम पाहावयाचें तर पुणें जिल्ह्यांत शिरूर तालुक्यांतील पाबळ येथें जावें. डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनीं अमेरिकेंत अन्नतंत्रांत डॉक्टर पदवी घेतली होती व मुंबईंत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रांत ते मोठ्या हुद्द्यावर होते. तें सोडून १९८३ सालीं त्यांनीं पाबळास विज्ञान आश्रम काढला. तेथून निघालेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा अभ्यासक्रम आठवी ते दहावीच्या मुलांसाठीं असून आठवड्यांतून एक दिवस मुलें अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य ह्या चार विभागांत हातांनीं काम करतात. शिकविणारे बहुधा गांवांतलेच कसबी लोक. आणि मुलांनीं केलेलें काम गांवच्या उपयोगी पडावयाचें. शालान्त परीक्षा मंडळानें त्यास मान्यता दिली, आणि तो राज्यांतल्या अनेक शाळांत गेला. कलबाग २००३ सालीं वारले. आश्रम चालूच आहे. आठवड्यांतला एक दिवस हातांसाठीं दिला तर मुलें दहावींत मागें पडतील, ही जी भीति शहरांतल्या मुख्याध्यापकांच्या मनांत असते, तिला पाबळच्या चार दशकांनीं उत्तर दिलेलें आहे.

सरकार कांहींच करीत नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब ह्या नांवाच्या प्रयोगशाळा निघाल्या, प्रत्येकीस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठरलें, आणि देशांत त्यांची संख्या दहा हजारांवर गेली. २०२५ च्या केंद्रीय अंदाजपत्रकांत पुढील पांच वर्षांत सरकारी शाळांत आणखी ५० हजार काढण्याचें जाहीर झालें. वस्तु छापणारीं यंत्रें व इलेक्ट्रॉनिक सुटे भाग त्यांत असतात. यंत्रांशीं आमचें वैर नाहीं. परंतु यंत्र विकत घेतल्यानें बेत विकत मिळत नाहीं. डब्यांतून आलेले सुटे भाग डब्यावरच्या चित्राप्रमाणें जोडून जो यंत्रमानव चालतो त्यांत मुलाचें काय? आणि कुलूपबंद खोलींतील जें यंत्र बिघडेल म्हणून मुलास हात लावूं देत नाहींत, त्यापेक्षां एक पटाशी व चार खिळे अधिक शिकवितात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें सहावी ते आठवीच्या मुलांस सुतारकाम, वीजकाम, धातुकाम, बागकाम, कुंभारकाम ह्यांची ओळख व्हावी असें म्हटलें, आणि त्यासाठीं ह्या इयत्तांच्या काळांत दहा दिवसांचा दप्तराविना काळ सुचविला. कल्पना स्तुत्य, परंतु दहा दिवसांत रंधा धरावा कसा हेंहि पुरतें समजत नाहीं.

वर इंग्लंडचा पुढचा इतिहास सांगूं म्हटलें होतें. तेथें २००४ पासून वरच्या दोन वर्षांत, म्हणजे चौदा ते सोळा वयांत, हा विषय ऐच्छिक झाला, आणि पुढें तो घेणाऱ्या मुलांची संख्या वर्षानुवर्षें उतरत गेली. ज्या देशानें हा विषय जगास दाखविला त्याच देशांत ऐच्छिक होतांच तो ओसरला, ही गोष्ट आमच्या राज्यांत नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्यानें येत असतां ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ज्यास वेळापत्रकांत जागा नाहीं व परीक्षेंत गुण नाहींत त्या विषयास आमच्याकडे पालक जागा देत नाहींत, आणि त्यांस दोषहि देतां येत नाहीं.

शिक्षकाचा प्रश्न सर्वांत कठीण. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें सहावी ते आठवींत शंभरांहून अधिक मुलें असलेल्या शाळेस कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण ह्यांसाठीं अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. महाराष्ट्रांत असे निदेशक नेमले गेले, पण तासांवर मोजलेल्या तुटपुंज्या मानधनावर. आणि नेमणूक टिकावी म्हणून त्यांस वर्षानुवर्षें सरकारच्या दारीं खेटे घालावे लागले. ज्याचा स्वतःचा पुढच्या जूनचा भरंवसा नाहीं तो मुलांस तीन महिन्यांचा बेत काय करावयास लावणार?

तेव्हां नवी मुंबई महानगरपालिकेनें येत्या अंदाजपत्रकांत ह्यासाठीं स्वतंत्र रकाना उघडावा. प्रथम दहाच शाळा घ्याव्या, पण त्या मराठी, हिंदी, उर्दू व इंग्रजी अशा सर्व माध्यमांच्या असाव्या. सहावी ते आठवीस आठवड्यांतून एक दुपार सलग द्यावी. पस्तीस मिनिटांच्या तासांत सामान काढण्यासच वेळ जातो. प्रत्येक शाळेस एक कायम शिक्षक द्यावा, त्यास मानखुर्दच्या केंद्रांत शिकण्यास पाठवावें, आणि त्याच्या जोडीस शहरांतला सुतार, शिंपी, वीजकाम करणारा, जाळें विणणारा कोळी ह्यांस दिवसाच्या पुऱ्या मजुरीवर बोलवावें. सत्कार करून शाल-श्रीफळावर बोळवूं नये. सामग्रीची चिंता ह्या शहरांत तरी पडूं नये. वाशीच्या बाजारसमितींत फळांच्या लांकडी पेट्या रोज मोडतात, ठाणें-बेलापूर औद्योगिक पट्ट्यांत पुठ्ठा, पत्रा, कापड ह्यांचे स्वच्छ उरलेले तुकडे पडून असतात. पालिकेनें तें गोळा करणारें एक भांडार काढलें कीं झालें.

आणि गुण द्यावयाचे तर ते वस्तूच्या देखणेपणास देऊं नयेत, नाहींतर पुन्हा आया रात्रभर जागतील. गुण बेताच्या वहीस द्यावे. ती मुलानें शाळेंतच लिहावी व शाळेंतच ठेवावी. पहिलें चित्र, त्यांतली चुकलेली मापें, गळलेली झडप, ती कां गळली ह्याविषयीं मुलाचें मत, आणि दुसऱ्या गटानें घेतलेला आक्षेप, हें सर्व तिच्यांत असावें. फसलेल्या घडणीचें पान फाडलेलें आढळलें तर मात्र गुण कापावे. आणि तें पालकांनीं फाडावयास लावलें असेल तर पालकांस बोलावून एक दुपार मुलांबरोबर झडप करावयास बसवावें.